चौथ्या मजल्यापर्यंत

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. चाळिशीला टेकलेल्या माणसाला ठोंब्या म्हणू नये, असं तुझे बाबा म्हणतात. त्यांचं त्यांच्यापाशी. आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण बाबा त्याहून जास्त कुरकुरतात, म्हणून गुडघ्याचं फारसं ऐकू येत नाही. गॅलरीतल्या कुंड्यांवर मावा पडला होता, साबणाचं पाणी मारल्यावर गेला. तू पाठवलेले मोजे मिळाले. त्यातली एक जोडी बाबांनी ढापली आहे आणि ती मुळात त्यांच्यासाठीच होती असं ते शपथेवर सांगतात.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, तुझ्या आवाजाला काय झालंय? कुणावर चिडलीयेस का?" मी रेंजचं कारण सांगून वेळ मारून नेली. पण तुझा कान बरोबर आहे. माझा आवाज बदललाय. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मधेच प्रश्न विचारले असतेस आणि मी भलतीकडेच वाहवत गेले असते. पत्रात मला कुणी अडवत नाही. म्हणून लिहायला बसले.

तर, मी गाणं शिकते. वर्ष होत आलं.

हसून घे. बाबाही हसले होते. ज्या बाईनं उभा जन्म वाचनालयाच्या काउंटरमागे बसून लोकांना "हळू बोला" म्हणण्यात घालवला, ती गाणार! आणि ते खरंच होतं रे. इतकी वर्षं कुजबुजून कुजबुजून माझा आवाज असा झाला होता, की भाजीवाला "काय?" म्हणायचा, डॉक्टर "काय?" म्हणायचे, आणि बाबांना तर बहिऱ्याचं सोंग घ्यायला आयतं निमित्तच मिळालं होतं. निवृत्त झाल्यावरही मी वाचनालयात पेपर वाचायला जात होतेच. तिथेच फळ्यावर एक कागद दिसला. "मोठ्यांसाठी समूहगान. आवाज चांगला असण्याची अट नाही." खाली पत्ता होता, नाव नव्हतं. मला ती अट नसण्याची अटच आवडली.

वर्ग एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत भरतो. बाजूनं अरुंद जिना आहे. खोलीत नेहमी साबणाचा आणि गरम कापडाचा वास असतो, आणि खालची यंत्रं चालू झाली की जमीन पायाखाली गुरगुरते. थंडीत तिथे स्वेटर लागत नाही, हा फायदा. आम्ही मोजकीच माणसं आहोत. एक बेकरीवाला आहे. तो पहाटेपासून भट्टीपुढे उभा असतो आणि संध्याकाळी गाता गाता उभ्या उभ्या डुलक्या काढतो. गाण्याचे शब्दही तोच रचतो. एक दातांची डॉक्टरीण आहे. आणि एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर, ज्यांना आम्ही भोंगा म्हणतो. तोंडावरच म्हणतो. त्यांना ते आवडतं.

पहिल्या काही आठवड्यांत माझं काही खरं नव्हतं. सूर लागायचा, पण जणू घोंगडीच्या आतून. शिकवणाऱ्या बाईंनी एक दिवस सगळ्यांना थांबवलं. मला म्हणाल्या, "तुमचा सूर सच्चा आहे, पण तो तुमच्याच घशात बसून राहतो. बाहेर यायला लाजतो."

मी म्हटलं, "मग जोर लावू का?"

"जोर अजिबात नको. जोर यांच्याकडे भरपूर आहे." हे भोंग्यांकडे बघून. "पण यांचा आवाजही लांब जात नाही. नुसता मोठा आहे. आपल्याला मोठा नकोय, टोकदार हवाय. सुई बारीक असते, तरी जाडजूड कापडातून पलीकडे जाते की नाही?"

आणि मग तिनं आम्हाला बदकासारखं ओरडायला लावलं.

खोटं नाही सांगत. क्वाक, क्वाक. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी दाराची कडी लावली, मग ओरडल्या. नंतर लहान मुलं एकमेकांना वेडावतात तसं, ञ्या ञ्या ञ्या. नंतर मांजर. नंतर तान्हं बाळ. तान्ह्या बाळाचा आवाज केवढासा असतो, पण तीन भिंती ओलांडून तो आईला उठवतो, म्हणाली. त्यात जी धार असते तीच आपल्याला गाण्यात आणायची. घशाचा वरचा भाग जरासा अरुंद करायचा, जिभेची मागची बाजू उचलून कडा वरच्या दाढांना टेकवायच्या ("कुठल्या दाढांना?" डॉक्टरीणबाईंचा प्रश्न), आणि आवाज समोरच्या दातांच्या मागे आणून ठेवायचा. नाकाच्या मुळाशी बारीक झिणझिण्या आल्या की समजायचं, जागा सापडली. पण नाकातून गायचं नाही. खात्री करायची असेल तर गाता गाता नाक दाबून बघायचं. आवाज बदलला तर तो नाकातून गळतोय. आणि घसा दुखला तर तिथल्या तिथे थांबायचं. धार घशाला कापून काढायची नसते.

मी घरी नाक दाबून गात होते. बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा वर धरलं.

ते जमायला पावसाळा उलटून गेला. आधी बदक जमलं, मग बदकाचं हळूहळू गाणं करायचं. मग एका संध्याकाळी मी 'ई' लावला आणि तो समोरच्या खिडकीच्या काचेवर जाऊन वाजला. मला वाटलं दुसरंच कुणीतरी गातंय. लख्ख आवाज, घासलेल्या भांड्यासारखा. मी दचकून थांबले. बेकरीवाला डुलकीतून जागा झाला. आणि बाई? नुसती हसली, ते तिचं एका गालानं हसणं.

तुला कळलं असेल आता. मघापासून मी 'बाई' आणि 'तिनं' असं मिसळून लिहितेय, ते मलाही दिसतंय.

हो, तीच. आपल्या घरात सहा वर्षं सून म्हणून होती ती. मागच्या खोलीत मुलांना गाणं शिकवायची ती.

मला माहीत नव्हतं रे. जिना चढून दार उघडलं तर ती खिडकीपाशी पेटी पुसत होती. तुमचं कागदोपत्री सगळं संपल्यापासून मी तिला पाहिलंच नव्हतं. केस कापलेत तिनं. दोघी तशाच उभ्या राहिलो. शेवटी मीच म्हटलं, "मी परत जाते."

ती म्हणाली, "एवढा जिना चढून आलाच आहात, तर बसा. कुठला सूर लागतो ते बघू."

बसले मी. त्या दिवशी बसले, आणि मग दर आठवड्याला बसत गेले. बाकी सगळ्यांना ती काका, काकू म्हणते. मला काहीच म्हणायची नाही. "तुम्ही जरा पुढे या," "तुम्ही पुन्हा घ्या," एवढंच. घरचं, तुझं, काही बोलणं नाही. तुमचं दोघांचं का बिनसलं ते मी तेव्हा विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. वर्गात आम्ही फक्त गाण्याचं बोलायचो, आणि तुला सांगते, ते पुरायचं. उलट बरं वाटायचं. घरी होती तेव्हा ती मला काय हवं नको बघायची. आता ती माझी चूक सगळ्यांसमोर दाखवायची आणि मी ती सुधारायचे. नातं कसलं ते ठाऊक नाही, पण सरळ होतं.

बाबांना मी त्याच दिवशी सांगितलं. "मला यात ओढू नकोस," म्हणाले. पुढच्या आठवड्यात मात्र जिन्यातला दिवा गेलाय असं मी सहज बोलले, तर पेचकस घेऊन गेले आणि दुरुस्त करून आले. वर आले नाहीत. ती खाली जाऊन "बाबा, चहा घ्या" म्हणाली, तर म्हणाले, "चहा नको, फ्यूज चांगल्या कंपनीचा आण."

तुला का नाही सांगितलं? सांगणार होते. दर रविवारी फोन वाजला की सांगणार होते. तू नवीन गावात जरा रुळलास, तुझ्या बोलण्यात पुन्हा थट्टा आली, की मला वाटायचं, कशाला उगाच खपली काढा. आणि खरं सांगू? ती खोली माझी होती. तिथे मी कुणाची आई, कुणाची सासू म्हणून जात नव्हते. आवाज लावायला जात होते. तुला सांगितलं असतं आणि तू 'नको' म्हणाला असतास, तर मी पेचात पडले असते. म्हणून तुला विचारलंच नाही.

आता मुद्द्याचं.

गेल्या रविवारी आमचं गाणं मोठ्या हॉस्पिटलच्या अंगणात होतं. चारी बाजूंनी चार मजले, प्रत्येक मजल्याला लांब गॅलरी, तिथे रुग्ण येऊन बसणार. मायक्रोफोन लावायला परवानगी नाही, कारण मागे अतिदक्षता विभाग. अंगणात हवा खेचणारं एक भलंमोठं यंत्र, ते बंद होत नाही. त्याच्या घरघरीतून आवाज वरपर्यंत पोचायला हवा.

तसा सराव ती आमच्याकडून आधीपासून करून घेत होती, हे मला तेव्हा कळलं. खाली लाँड्रीचा मालक आहे, उंच, अबोल माणूस. आमचा वर्ग सुरू झाला की तो बिचारा मोठं यंत्र बंद करायचा. तर ती जिन्यातून वाकून ओरडली होती, "चालू ठेवा! यांना त्यातूनच पलीकडे जायचंय." तो म्हणाला, "मग दोन्ही चालू करतो." आणि त्यानं खरंच दोन्ही चालू केली. आम्ही हसलो. मी पण हसले, आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. बाकी सगळ्यांना कळलं होतं.

आदल्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तालीम होती. चौथ्या मजल्यावर ती लाँड्रीवाल्याला उभं करून आली. शब्द स्पष्ट ऐकू आले तर त्यानं उशीचा पांढरा अभ्रा हलवायचा. भोंगे गायले. काही नाही. डॉक्टरीणबाई गायल्या. अभ्रा अर्धा वर आला आणि खाली गेला. मग मला पुढे काढलं. ओळ होती, "खिडकी उघड गं, उजेड आलाय दारी." 'खिडकी' छान गेली, पण 'उघड'च्या 'उ'वर मी पुन्हा खड्ड्यात पडले. वर काही हललं नाही.

ती म्हणाली, "उ म्हणताना ओठ उ चे ठेवा, पण जीभ अजून ई मध्येच आहे असं धरा. खिडकीतला ई पुढे घेऊन चला, सोडू नका."

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी यंत्राकडे, माणसांकडे बघणं सोडलं, जिभेच्या कडा दाढांना टेकवल्या आणि श्वास उलट कमीच घेतला. उ गेला रे. सरळ, बारीक, वर. अभ्रा असा काही फडकायला लागला की तिसऱ्या मजल्यावरची नर्स बाहेर येऊन बघायला लागली. आणि ही खालून टाळ्या पिटत ओरडली, "आई, पोचला! आई, पोचला!"

तिच्या तोंडून गेलं. तिनं ऐकलं, मी ऐकलं. दोघींनी ऐकलं नाही असं केलं.

रविवारी त्या ओळीसकट चार ओळी मला एकटीला दिल्या. कार्यक्रम नीट झाला. एक ओळ डळमळली, तर समोरून तिनं बोटांची बदकाची चोच करून दाखवली. मला हसू आलं आणि हसताना तोंड आपोआप बरोबर झालं. वरच्या गॅलरीत सलाईनचा स्टँड धरून एक गृहस्थ उभे होते, त्यांनी हात वर केला. बाबा खांबाआड उभे होते. मला ते दिसत नाहीत, असा त्यांचा समज होता. शेवटी सगळ्यांची बिस्किटं संपवून ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "ऐकू आलं." बस्स, एवढंच. पण त्या माणसाकडून हे म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

सगळे पांगल्यावर ती मला बाजूच्या जिन्यावर घेऊन गेली. "तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून सांगते," म्हणाली. "आम्ही लग्न करतोय. मार्चच्या शेवटी. नोंदणीच करणार, मोजकी माणसं." कुणाशी ते सांगायची गरज नव्हती. लाँड्रीवाला खाली अंगणात आमच्या खुर्च्या रचत होता. मग बराच वेळ हातातल्या कागदांची घडी घालत राहिली. "माझ्याकडून तसं कुणी नाही. तुम्ही याल का? नाही म्हणालात तरी चालेल. खरंच चालेल."

मी म्हटलं, "येईन."

हळू म्हणायचं होतं. पण आता आवाज असा झालाय की जिन्यावरचे दोघं-तिघं वळून बघायला लागले.

तेव्हापासून हे पत्र डोक्यात लिहितेय. हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं. ती लग्न करतेय. माणूस चांगला आहे, मी वर्षभर त्याला पाहिलंय. मी जाणार आहे, बाबाही येतो म्हणालेत. तुझी परवानगी मागत नाहीये, तसं भासवणं खोटं होईल. पण तुला वाईट वाटलं तर ते मला कळू दे. लपवू नकोस. राग आला असेल तर रागही कळव. ऐकायची माझी तयारी आहे.

थंडी आहे, डोक्याला काहीतरी बांधून फिर.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
आई


मंगळवार, १ एप्रिल

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. इकडे उकडायला लागलंय. बाबांनी पंखे उतरवून, पुसून पुन्हा लावले. एक आता आधीपेक्षा जास्त आवाज करतो, पण तसं म्हणायचं नाही.

पत्र मिळाल्यावर तू फोन केलास, "वर्षभर आई? वर्षभर?" एवढं बोललास आणि ठेवलास, तेव्हा मी बराच वेळ फोन हातात घेऊन बसले होते. मग दोन रविवार तुझा फोन नाही. बाबा म्हणाले, "करेल. माझा मुलगा आहे, जरा वेळ लागेल." मी वर्गाला मात्र गेले. जाऊ नये असं एकदा वाटलं होतं. पण जिना चढल्यावर बरं वाटलं.

मग तुझा फोन आला. तू आधी हवेचं बोललास, मग ऑफिसचं, मग बाबांच्या गुडघ्याचं, आणि अगदी शेवटी, ठेवता ठेवता म्हणालास, "जा तू लग्नाला. आणि तिला सांग, छान झालं." मी "बरं" म्हटलं.  आवाजाची सगळी कला तिथे कामाला आली नाही बघ.

काल लग्न झालं. म्हणून आज लगेच लिहितेय.

नोंदणी कार्यालयातली खोली लहान, भिंती फिकट हिरव्या, पलीकडे कुणीतरी सतत शिक्के मारत होतं. तिनं निळी साडी नेसली होती, नवी, साधीच. त्याचा शर्ट मात्र इतका कडक इस्त्रीचा होता, की बसताना तो कागदासारखा वाजला. बेकरीवाल्यानं केक आणला आणि चक्क जागा राहिला. भोंगे रडले. मोठ्यानं रडले, शेजारच्या खोलीतून माणूस विचारायला आला. साक्षीदार म्हणून तिच्याकडून मी सही केली आणि बाबांनी केली. बाबांनी नवं पेन आणलं होतं, खास. मला आधी बोलले नव्हते.

मग सगळे म्हणाले गा, गा. शिक्के मारणारा थांबला. मी आमच्याच त्या चार ओळी गायले. तो नवरामुलगा मान खाली घालून ऐकत होता. अभ्रा नव्हता हातात, नाहीतर हलवला असता. ती माझ्याकडे बघत होती आणि या वेळी एकदाही चोच करून दाखवली नाही.

निघताना मी तिला फाटकापाशी एकटीला गाठलं. म्हटलं, "त्यानं निरोप दिलाय. छान झालं म्हणालाय."

ती थांबली. म्हणाली, "स्वतःहून म्हणाला?"

"स्वतःहून."

 मग माझा पदर खांद्यावरून घसरला होता, तो तिनं नीट केला, पूर्वी घरातून निघताना करायची तसा. आणि विचारलं, "तो बरा आहे ना, आई?"

मी म्हटलं, "हो. बरा आहे."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते तू पाहायला हवं होतंस. मग ती गेली. आम्ही दोघं चालतच घरी आलो. वाटेत बाबा गुणगुणत होते आणि गुडघ्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

तर आता तुला विचारते, आणि वेळ मारून नेऊ नकोस. मी तिला 'हो' म्हणून आले आहे. ते खरं आहे ना? नसेल तर मला लिही, मी पुढच्या गाडीनं येते. असेल, तर ते तसंच राहू दे.

तुझी,
आई